बाबा, त्या फोटोतल्या गाडीबद्दल

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर हा विषय काढला की बाबा लगेच आईकडे फोन देतात, म्हणून लिहिते आहे.

बाबा, "आमच्या हातून तुम्हा मुलांसाठी काही झालं नाही" हे हल्ली तुमच्या तोंडून वरचेवर ऐकू येतं. जुन्या सहकाऱ्यांच्या ग्रुपवर कुणाचा फोटो आला की हमखास. मागच्या वेळी मी शेजारीच बसले होते. तुम्ही दोन बोटांनी फोटो मोठा केलात, आधी चेहरा पाहिलात, मग मागचं घर, मग दारातली गाडी. गाडीपाशी बराच वेळ थांबलात. चष्मा काढून ठेवत म्हणालात, "हा आणि मी एकाच दिवशी रुजू झालो होतो."

दुखणं तिथेच आहे, असं मला वाटतं. लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली मांडलं होतं की जे मोजायला काही ठरलेलं माप नसतं, तिथे माणूस दुसऱ्याकडे बघून स्वतःला जोखतो. आणि तोही शक्यतो आपल्यासारखाच माणूस शोधतो. म्हणून एखाद्या उद्योगपतीचा बंगला पाहून तुम्हाला कधी काही वाटलं नाही, पण शेजारच्या टेबलावरचा माणूस पुढे गेला ते अजून सलतं. आयुष्य बरं गेलं की नाही, हे कशाने मोजणार? मग नजर त्या टेबलाकडे वळते.

तुमची ती हातातोंडाशी येऊन हुकलेली बढती आठवते मला. १९९२च्या बार्सिलोना ऑलिंपिकमधल्या खेळाडूंचे चेहरे काही संशोधकांनी तपासले होते. रौप्यपदक मिळवणाऱ्यांपेक्षा कांस्यपदकवाले जास्त आनंदी दिसले. दुसऱ्या क्रमांकाच्या मनात हुकलेलं सुवर्ण असतं, तिसऱ्याच्या मनात आपण पदकाविनाच परतलो असतो हा विचार. हे वाचलं तेव्हा मला तुमचाच चेहरा दिसला. जे थोडक्यात गेलं त्याच्यापुढे तुम्ही मिळवलेलं सगळं फिकं पडत गेलं, आणि निवृत्तीनंतर तर काम मागे पडलं, तुलना तेवढी राहिली.

आई, तुझं वेगळं आहे. "माझं आपलं बरं, ती बिचारी तर अंथरुणाला खिळलीय" असं म्हणून तू मनाला धीर देतेस. माणूस खचला की असा आधार शोधतोच, त्यात वावगं काही नाही. पण त्याच मैत्रिणीची तब्येत आणखी बिघडल्याचं कळलं, त्या रात्री तुला झोप लागली नाही. उद्या आपलंही असंच होणार, हे मनात आलं ना? तिचं दुखणं तुझ्या तब्येतीचं माप कसं होईल? डॉक्टरांनी तुझे रिपोर्ट बघून सांगितलंय तेवढंच तुझं आहे.

दुसऱ्याकडे बघूच नका, असं मी म्हणणार नाही. ते कुणालाच जमत नाही. बाबा, गुडघ्याचे व्यायाम तुम्ही मित्राचं बघूनच सुरू केलेत आणि त्याचा फायदाही झाला. त्याच्याकडून काय घेता येईल हे तुम्ही पाहिलंत. गाडीच्या फोटोतून मात्र घेण्यासारखं काहीच नव्हतं, स्वतःला कमी लेखण्यापलीकडे.

मला खरा त्रास होतो तो याचा, की लहानपणी तुम्ही मला कधी कुणाच्या शेजारी उभं करून मापलं नाहीत, आणि आज स्वतःला मात्र तसंच मापताय. निकालाच्या दिवशी इतरांचे मार्क विचारले नाहीत, "तुला पेपर कसा गेला वाटला होता?" एवढंच विचारायचात. आज मी कामात कुणाच्या मागे पडले तरी कोसळत नाही, ते त्यामुळे. हे तुम्ही मुलांसाठी केलंत, बाबा. फोटोत दिसत नाही म्हणून ते हिशेबातून गाळू नका.

आई म्हणाली, पुढच्या महिन्यातल्या स्नेहमेळाव्याला तुम्ही जाणार नाही, "तिथे जाऊन सांगू काय?" म्हणून. सांगायला काही लागत नाही. ज्यांच्याबरोबर डबा खाल्लात त्यांना भेटायला जायचंय. मी सुट्टी टाकते आहे, सोबत येईन. तारीख कळवा.

तुमची,
लेक