संज्या, थांगचा फोन आला होता

संज्या,

आईचे गुडघे तसेच, माझी बीपीची गोळी चालू, बाकी बरंय. हे तुलाच लिहितोय कारण घरी मणिपूर म्हटलं की 'हो का' म्हणतात आणि जेवायला बसतात. इंफाळची ब्रँच आपल्या दोघांशिवाय इथे नाशकात पाहिलीये कोणी?

शनिवारी, १३ सप्टेंबर २०२५ ला, मोदी मणिपूरला गेले ते तू बघितलंच असशील. ३ मे २०२३ ला तिथे मैतेई आणि कुकींमधे पेटलं, अडीचशेच्या वर माणसं गेली, साठ हजार लोक घराबाहेर पडले, मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला, फेब्रुवारी २०२५ मध्ये राष्ट्रपती राजवट लागली, आणि पंतप्रधान येतात आत्ता! उशीर झाला रे, फार उशीर झाला, आणि यावर परत वाद घालू नकोस, देवळालीच्या लग्नात याच माणसावरून तू पंगत सोडून उठला होतास, आणि तेही जिलबी यायच्या आधी.

पण गेले हेही खरं. पाऊस एवढा की हेलिकॉप्टर नाही, इंफाळहून चुराचांदपूर गाडीनेच. म्हणजे तोच रस्ता, बिष्णुपूर, मोइरांग, जिथे थांगच्या मारुतीत तुला ओकाऱ्या झाल्या होत्या तोच! ते एका दिवसात कुकींकडेही बोलले आणि परत येऊन कांगला किल्ल्यात मैतेईंपुढेही बोलले. साठ-पासष्ट किलोमीटर. थांग कुकी, तिकडे चुराचांदपूरच्या कॅम्पमध्ये, त्याला दोन वर्षांत तेवढं इंफाळला येता आलेलं नाही, मधे दोन्ही समाजांना वेगळं ठेवणारा बफर झोन.

त्याच रात्री त्याचा फोन. भाषणात घर सुटलेल्यांसाठी ७,००० नवीन घरांचं सांगितलं ना, तर भाऊ मागे लागलाय की नाव दे. थांग म्हणतो, इथे घर घेतलं म्हणजे इंफाळमधलं न्यू लाम्बुलेनचं घर सुटलं, मीच सोडल्यासारखं होईल. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी इंफाळच्या आपल्या मैतेई इमाचा फोन! ती त्याला थेट लावत नाही, गल्लीत कोणी मोबाईल बघेल म्हणून घाबरते, सगळं माझ्यामार्फत. त्याच्या पेट्या अजून तिच्या माळ्यावर आहेत. विचारते, आता एवढे मोठे येऊन गेले, म्हणजे थांग येईल ना परत? मी नुसतं हं हं करत राहिलो, काय सांगणार होतो तिला?

मला वाटतं त्याने घर घ्यावं, पोरं किती दिवस कॅम्पच्या हॉलमध्ये झोपणार. पण जुन्या घराचा हक्क सोडतो असं कुठल्याही कागदावर लिहून द्यायचं नाही, सही करायच्या आधी शब्द न् शब्द वाचायचा. लोनचे कागद तूच बघायचास, अशा वेळी नेमकं काय तपासायचं ते तुलाच कळेल. मोदींनी भाषणात शांततेच्या वाटेने चला म्हटलं, बरोबरच आहे, पण आधी तो रस्ता साध्या माणसाला मोकळा व्हायला हवा. ७,३०० कोटींच्या कामांचं भूमिपूजन झालं, होऊ दे की, पण मला त्या दिवशी हीच एक गोष्ट ऐकायची होती.

पोरीची अ‍ॅडमिशन झाली का? वहिनींना नमस्कार. सिंहस्थाची कामं निघालीत, आलास तर गाडी घेऊन येऊ नकोस.

रविवारी रात्री थांगला दोघं मिळून फोन करू, सुरुवात तू कर, तुझं ऐकतो तो. इमाला काय सांगायचं ते त्याच्याआधी आपण ठरवू, तिचा फोन परत येणारच आहे.

तुझा,
अव्या