आयडिऑलॉजी म्हणालीस, म्हणून

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

पोहोचल्याचा मेसेज मिळाला. भांडणाबद्दल लिहायचं नाही, असं ठरवूनच बसलोय.

‘आमची आयडिऑलॉजीच जुळत नाही, मग बोलायचं काय?’ असं दादाला म्हणालीस आणि बॅग उचललीस. मग मी त्या शब्दाची कुंडलीच काढली. देस्त्युत द त्रासी नावाच्या फ्रेंच माणसाने तो १७९६ मध्ये घडवला. राज्यक्रांतीत तुरुंगात पडला होता. १७९४ मध्ये क्रांतीतला जहाल पुढारी रोबेस्पिएर याची सत्ता गेली म्हणून त्रासीची मान वाचली. कोठडीत तो लॉक आणि कोंदियाक या तत्त्वज्ञांची पुस्तकं वाचत बसला. त्याला हवं होतं कल्पनांचं शास्त्र: त्या डोक्यात येतात कुठून, इंद्रियांच्या अनुभवातून घडतात कशा. ‘आयडिया’चं ग्रीक मूळ ‘पाहणे’, आपल्या ‘विद्’ धातूच्या नात्यातलं. दादाला जे दिसतं ते त्याला कुठून दिसतं, एवढं तरी विचारायचंस.

नेपोलियनची आधी त्रासी आणि त्याच्या विचाराच्या मंडळींत ऊठबस होती. ती विरोधात गेली, तसा तो त्यांना ‘आयडिऑलॉग’ म्हणून हिणवू लागला. १८१२ मध्ये रशियात सैन्याची वाताहत झाली, त्याचंही खापर आयडिऑलॉजीवरच! पुढे मार्क्स-एंगल्सनी तो शब्द सत्ताधारी वर्गाच्या, सर्वांचं सत्य म्हणून मिरवणाऱ्या विचारांना लावला. थोडक्यात, बराच काळ आयडिऑलॉजी असायची ती समोरच्याची. स्वतःची म्हणून छातीला लावायची रीत नंतरची.

मतं जुळली नाहीत म्हणून माणसं सोडत गेलीस, तर उरेल कोण? आधी केतकी, आता दादा. चाळिशीत कळतं, तोवर... असो. प्रवचन झालं, माफ कर.

शाळेच्या वादविवादात विरोधी बाजूचे मुद्दे तुला दादाच लिहून द्यायचा, आठवतं? मग घरभर भांडायचात. ढाल मिळाली तेव्हा तुझ्यापेक्षा तोच जास्त नाचला होता. आजही तुझं म्हणणं मला खोडता येत नाही, याचा अभिमानच वाटतो. पण ते वाक्य बोलताना तुझा आवाज जराही कापला नाही, त्याची धास्ती वाटते. दादाशी बोललीस का? नसशील.

आईचा रिपोर्ट आला, काळजीचं काही नाही. तपशील दादाकडे आहेत. मुद्दाम त्याच्याकडेच ठेवलेत.

तुझे,
बाबा