ताई, ‘निवृत्ती’ एवढं लिहून भागलं नाही

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

काल रात्री बँकांच्या पॅनलच्या, म्हणजे त्यांनी मान्य केलेल्या वकिलांच्या यादीच्या, पोर्टलवर आपल्या वकिली फर्मची माहिती बदलली. डायरेक्टरांच्या यादीतून तुमचं नाव काढलं. शेजारी कारण विचारलं होतं. तिथे ‘निवृत्ती’ लिहिलं, सेव्ह केलं आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. चार वर्षं तुम्ही जे केलंत ते त्या रकान्यात मावणारं नव्हतं, म्हणून हे पत्र. नाव लिहायचं नाही या अटीवर ते सगळ्यांसमोर मांडायला तुम्ही परवानगी दिलीत, त्याबद्दलही आभार.

आपली पहिली भेट आठवते? लंडनमधल्या डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात, दिवाळीच्या कार्यक्रमात. मी लंडनजवळच्या स्लाऊमध्ये फर्म थाटून सहा आठवडे झाले होते आणि पहिलंच अशील गमावून आले होते. नाशिकचं तरुण जोडपं, पहिलंच घर. त्यांना ज्या बँकेचं कर्ज मंजूर झालं त्या बँकेच्या पॅनलवर मी नव्हते. बँकेने कळवलं, आमच्या बाजूने आमच्या पॅनलवरचा वेगळा सॉलिसिटर काम करील आणि त्याची फी खरेदीदारच भरील. एका घरासाठी दोन वकील, दुप्पट प्रश्न, वर उशीर. तीन दिवसांनी त्यांनी फाइल परत मागितली. त्यांचा राग आला नाही, पण पुण्यातली एलएलबी, इथल्या परीक्षा, दुसऱ्यांच्या फर्ममध्ये काढलेली नऊ वर्षं, सगळं एका क्षणात फुकट गेल्यासारखं वाटलं.

तुम्ही ते शांतपणे ऐकलंत आणि विचारलंत, “तुझं अशील कोण होतं?”

मी म्हटलं, “ते जोडपं.”

“आणि दुसरं?”

माझ्या तोंडून उत्तर येईना. माझे मामा साताऱ्यात बँकेच्या पॅनलवरचे वकील होते. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात बसून तीस वर्षांचा सर्च काढायचे आणि बँकेला टायटल रिपोर्ट द्यायचे. ते बँकेचे वकील हे सगळ्यांना ठाऊक असायचं आणि खरेदीदाराला हवा असेल तर तो आपला वेगळा वकील करायचा. इंग्लंडमध्ये बहुतेक वेळा एकच सॉलिसिटर घर घेणाऱ्याचाही असतो आणि कर्ज देणाऱ्या बँकेचाही. बँकेचा माणूस कधी समोर बसत नाही, चहा घेत नाही, फोनवर रडत नाही, म्हणून ती अशील आहे हे आपण विसरतो. पॅनल म्हणजे त्या न दिसणाऱ्या अशिलाने टाकलेला विश्वास, हे मला नऊ वर्षांत कोणी इतकं स्पष्ट सांगितलं नव्हतं.

दुसऱ्याच शनिवारी तुम्ही ऑफिसात आलात आणि मी भरलेला पॅनलचा अर्ज वाचून परत माझ्यापुढे सरकवलात. सगळ्या प्रश्नांना मी ‘हो’ लिहिलं होतं. “प्रत्येक ‘हो’चा कागद दाखव,” म्हणालात. क्लायंट अकाउंटचा, म्हणजे अशिलांचे पैसे ठेवतो त्या खात्याचा, ताळमेळ नियमाप्रमाणे किमान दर पाच आठवड्यांनी करते? मग शेवटचा कुठे आहे आणि त्यावर सही कोणाची? कंपनी म्हणून नोंदलेल्या फर्मला लागणारा किमान ३० लाख पौंडांचा व्यावसायिक चुकांचा विमा आहे, पण बँकेच्या अटीत त्याहून जास्त मागितलाय का ते पाहिलंस? विक्रेत्याच्या वकिलाचा खाते क्रमांक कोण पडताळतं, आणि फोन कोणत्या नंबरवर करतं, त्यांच्या ईमेलमध्ये दिलेल्या की तू स्वतः शोधलेल्या?

त्या शेवटच्या प्रश्नामागचा खटला तुम्ही त्याच दिवशी सांगितलात. २०१२ साली कोर्ट ऑफ अपीलपर्यंत गेलेला. विक्रेत्याच्या सॉलिसिटरची म्हणून दाखवलेली शाखा मुळात अस्तित्वातच नव्हती. कर्जाचे पैसे तिकडे गेले आणि खरेदीदाराच्या बाजूने काम करणाऱ्या फर्मवर बँकेची भरपाई करायची वेळ आली. २००८ च्या संकटानंतर बँका पॅनलं का कापत गेल्या, एका मोठ्या बँकेने २०१२ मध्ये ती यादी ४३ फर्मांवर का आणली, याचा अर्थ मला त्या दुपारी लागला. पटलं असं नाही म्हणणार. लहान फर्मवर त्यात अन्याय झाला असं मला आजही वाटतं, आणि तुम्हालाही वाटतं. पण बँकेची भीती खोटी नव्हती.

सॉलिसिटरांच्या लॉ सोसायटीची सीक्यूएस, म्हणजे घरांच्या खरेदी-विक्रीच्या कामाच्या दर्जाची, मान्यता मिळवायला हिवाळा गेला. प्रशिक्षण, लेखी कार्यपद्धती, जोखमीची नोंदवही, सगळं रात्री जागून केलं आणि तुम्ही तपासलंत. तरीही मोठी अडचण तशीच होती. काही बँका एकट्या सॉलिसिटरच्या फर्मला पॅनलवर घेतच नाहीत, त्यांना किमान दोन भागीदार किंवा डायरेक्टर लागतात. मी कोणा ओळखीच्याचं नाव नुसतं कागदावर घालायचा विचार बोलून दाखवला, तेव्हा तुम्ही पहिल्यांदा आणि शेवटचं चिडलात. “नाव असेल तिथे माणूस बसलेला असला पाहिजे.” आणि आठवड्याने स्वतः येऊन बसलात. तुमचं सॉलिसिटरचं प्रॅक्टिसिंग सर्टिफिकेट चालू होतं, नातवंडांचे गुरुवार मोकळे ठेवायचे होते, बाकी चार दिवस माझे. ज्या वयात लोक जबाबदाऱ्या उतरवतात त्या वयात तुम्ही माझ्या फर्मच्या प्रत्येक चुकीला उत्तरदायी झालात. हे उपकार मी कुठल्या शब्दांत फेडू?

पॅनलवर नाव आलं त्या दिवशी मी पेढे आणले. तुम्ही एक पेढा खाल्लात आणि भिंतीवर फळा लावलात. प्रत्येक फाइलपुढे शेवटचा रकाना: ‘बोजा चढला का?’ सातबाऱ्यावरचा मामांचा शब्द मी तुम्हाला सांगितला होता, तो तुम्ही उचललात. चाव्या दिल्या की काम संपलं, अशी माझी सवय होती. तुम्ही ती मोडलीत. १४ दिवसांत स्टॅम्प ड्यूटीचा रिटर्न, ओएस१ सर्चने (मालकीच्या नोंदीचा शोध) मिळणाऱ्या ३० कामकाजी दिवसांच्या अग्रक्रमाच्या मुदतीत लँड रजिस्ट्रीकडे अर्ज, त्यांनी शंका काढली तर त्याच दिवशी उत्तर. बँकेच्या लेखी तिचा बोजा नोंदला गेला तरच आपण काम केलं. दर शुक्रवारी चार वाजता तुम्ही त्या फळ्यापुढे उभ्या राहायच्या. वार्षिक माहिती वेळेवर भरणं, विमा किंवा पत्ता बदलला की बँकेने विचारायच्या आधी कळवणं, काम न आलेल्या पॅनलवरून नाव गळलं नाही ना हे पाहणं, हेही तुमच्यामुळेच अंगवळणी पडलं.

आणि ती एक फाइल. आपल्याच ओळखीतले गृहस्थ. विक्रेता व्यवहारानंतर स्वयंपाकघराच्या दुरुस्तीचे ८,००० पौंड परत देणार होता, कर्ज मात्र पूर्ण किमतीवर मंजूर. कर्ज देणाऱ्या बँकांच्या सूचनांच्या हँडबुकप्रमाणे हे बँकेला कळवणं भाग होतं, पण अशिलाच्या परवानगीशिवाय त्याची गोष्ट उघडही करता येत नाही. त्याने नकार दिला तर बँकेचं काम सोडायचं, एवढाच मार्ग. “मराठी माणसाचं काम मराठी माणूसच अडवतो,” ते मला म्हणाले. मी डगमगले होते, ताई. तुम्ही त्यांना बसवलंत, पाणी दिलंत आणि म्हणालात, “दादा, हे लपवलं तर कर्ज देणाऱ्याला किमतीबद्दल खोटं सांगितल्यासारखं होईल, आणि अर्जावर सही तुमची आहे.” तासाभराने त्यांनी परवानगी दिली. बँकेने नऊ दिवसांनी कमी किमतीवर सुधारित ऑफर पाठवली. आज त्यांची धाकटी बहीण आपल्याकडेच घराचं काम घेऊन आली आहे.

तुमच्या जागी आलेल्या मुलीला फळा तसाच ठेवायचाय, तिनेच मागितला. तिच्या पहिल्या फाइलचा बोजा नोंदवल्याचा कागद आज सकाळी आला. आज मंगळवार आहे, पण शुक्रवारपर्यंत थांबवेना, म्हणून तुम्हाला इथेच कळवते: चढला, ताई.

तुमची कृतज्ञ,
स्लाऊची धाकटी