सराट्याचं फूल

नागपूर,
२१ सप्टेंबर

प्रिय दिलीप,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. काकूंचा गुडघा आता बरा आहे हे वाचून जीव भांड्यात पडला.

आज सकाळी सेमिनरी हिल्सकडे फिरायला गेलो होतो. आठवडाभर उघाड आहे. मुरमाड उतारावर जमिनीला चिकटून पिवळे ठिपके दिसले. वाकून पाहतो तर सराटा! आपल्या शाळेच्या मैदानावरचा, सायकलची ट्यूब पंक्चर करणारा, तोच. तुझ्या टाचेत मोडलेला काटा आईनं सेफ्टीपिननं काढला होता, आठवतं? इतकी वर्षं आपण त्याला काट्यावरूनच ओळखलं. फूल दिसणार कसं? आपण मैदानावर जायचो संध्याकाळी, आणि हे उमलतं सकाळी, ऊन तापलं की मिटतं.

मी तिथेच उकिडवा बसलो. शर्टाच्या बटणाएवढं फूल, पाच पाकळ्या, आणि पिवळा रंग हळदीसारखा सोज्वळ. पानं चिंचेच्या पानांसारखी, पण एका पेरावर समोरासमोर दोन पानं असतात ना, त्यातलं एक मोठं नि दुसरं लहान. खाली कोवळी फळं धरली होती. फळ वाळलं की त्याच्या पाच फाका होतात. प्रत्येक फाकेला दोन मोठे काटे, ती कशीही पडो, एखादा काटा वर राहतोच. फाकेच्या आत दोन-चार बिया असतात आणि त्या सगळ्या एकाच पावसात रुजत नाहीत. काही पुढच्या वर्षांसाठी थांबतात. एका पावसाळ्याचं आयुष्य असलेल्या झाडानं पुढचा दुष्काळही हिशेबात धरावा, याचं मला फार अप्रूप वाटलं. दशमुळातला गोक्षुर म्हणजे हाच. आजीच्या काढ्यात आपण तो प्यायलोसुद्धा आहोत.

येताना शाळेवरून आलो. मैदानावर कडेपर्यंत गट्टू बसवलेत. मुलांच्या पायांना आता काटा लागणार नाही, ते बरंच झालं. तरी मला वाईट वाटलं, आणि हे तुझ्याशिवाय कुणाला सांगणार?

दिवाळीला येतोस, तोवर वेल वाळलेले असतील. जमलं तर दसऱ्यालाच ये, आणि सकाळी नवाच्या आत माझ्याबरोबर चल. सोबत एक वाळकी फाक कापसात गुंडाळून पाठवतोय. पाकीट जपून उघड.

तुझा,
विनायक