'मान्य'वर बोट ठेवले म्हणून…

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

लोकांनाच आपल्या खासगी माहितीची पर्वा नाही, मग ती गोळा करणाऱ्या कंपन्यांवर सरकारी बंधने कशाला, असा युक्तिवाद वारंवार ऐकू येतो. पुरावा एवढाच, की सगळे जण अटी न वाचता 'मान्य'वर बोट ठेवतात. ठेवतात खरे. मीही ठेवतो.

अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राच्या २०२३ मधील पाहणीत ५६ टक्के लोकांनी, आपण असे वरचेवर करतो, अशी कबुली दिली. पण कंपन्यांवर आणखी सरकारी नियमन हवे असे म्हणणारेही त्याच पाहणीत ७२ टक्के निघाले. मला यात विसंगती वाटत नाही. मजकूर लांबलचक, भाषा वकिली, आणि 'नाही' म्हटले तर अ‍ॅप उघडणारच नाही. अशा होकाराला एरवी आपण अडवणूक म्हणतो.

सरळ प्रश्न विचारला की काय होते, ते २०२१ च्या एप्रिलपासून दिसले. इतर अ‍ॅप आणि संकेतस्थळांवरही तुमचा माग काढू का, हे विचारणे अ‍ॅपलने आयफोनवरील अ‍ॅपना बंधनकारक केले. अनेकांनी 'नाही' म्हटले. माग काढून जाहिराती दाखवणे त्यामुळे अवघड झाले आणि २०२२ या वर्षात सुमारे १० अब्ज डॉलरचा फटका बसेल, असे फेसबुकच्या मालक कंपनीने, मेटाने, स्वतःच सांगितले. पर्वा नसलेले लोक ते हेच बरे का!

पण ही झाली एका कंपनीची, अ‍ॅपलची, मर्जी. तीही जाहिराती विकतेच. भरवसा ठेवायचा तर कायद्यावर. युरोपात २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआर या माहिती-संरक्षण कायद्यात गरजेपुरतीच माहिती घ्यावी, हे तत्त्व आहे आणि जागतिक उलाढालीच्या ४ टक्क्यांपर्यंत दंडही. तरी सामान्य माणसाच्या वाट्याला रोज येतात त्या संकेतस्थळ उघडताच संमती मागणाऱ्या कुकीजच्या खिडक्याच. टॉर्चच्या अ‍ॅपला माझ्या ओळखीच्यांचे फोन नंबर लागत नाहीत, तर ते मागताच येऊ नयेत. माझी संमती असो वा नसो.

राहिला प्रश्न सरकारवरच्या विश्वासाचा. प्यूच्या त्याच पाहणीत ७१ टक्के लोकांना, सरकार आपल्या माहितीचे काय करते, याचीही काळजी होती. ती रास्तच आहे. म्हणून नियामक सरकारपासून स्वतंत्र हवा आणि नियम सरकारी खात्यांनाही तितकेच लागू हवेत. तेवढे नसेल, तर त्या कायद्याला माझा 'मान्य' धरू नये.

आपला,
एक नियमित वाचक