कार्डाला हात लावू नकोस

सोलापूर,
२१ मे

प्रिय दोस्ता,

काल रात्री तुझा फोन झाल्यावर झोप लागली नाही. एका लग्नाच्या व्हिडिओची फाईल उघडत नाही, दुसऱ्या फाईलचा आवाज ओठांच्या मागे पडतोय, एडिटिंगची टाइमलाइन अडखळतेय आणि नवरीचे वडील रोज फोन करतायत, असं सगळं तू एका दमात सांगितलंस. मी एवढंच म्हणालो, "कॅमेऱ्याचं कार्ड काढ आणि डबीत ठेव." तुला ते तोडून टाकल्यासारखं वाटलं असणार. म्हणून आज सकाळी ऊन चढायच्या आत लिहायला बसलोय.

गेल्या चार दिवसांत तू सॉफ्टवेअर पुन्हा टाकलंस, ड्रायव्हर बदललास, रीडर बदललास आणि वर गेलेल्या फाईली परत काढणारे दोन-तीन रिकव्हरी प्रोग्राम त्याच कार्डावर चालवलेस. उद्या यातलं एखादं जमलं तरी कशानं जमलं ते तुला कळणार नाही. आणि बिघडलं तर कशानं बिघडलं तेही कळणार नाही. एका वेळी एकच गोष्ट बदल लेका, आणि मूळ फुटेजवर काहीही करून बघू नकोस.

हे मी जानेवारीत शिकलो. सिद्धेश्वर महाराजांची गड्ड्याची यात्रा तुला सांगायला नको. आपण शाळेत असल्यापासून सातही नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, सम्मती कट्ट्याजवळ यायची वाट बघत उभे राहायचो. यंदा तिथे कॅमेरा घेऊन उभा होतो. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, "सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम"चा गजर आणि अक्षतांचा पाऊस, हे सगळं एका सलग शॉटमध्ये घेत होतो. चाळीस मिनिटं रेकॉर्डिंग चालू होतं. अक्षता पडून गेल्या, लोंढा पुढे सरकला, मागून कुणाचा तरी धक्का बसला, बॅटरी प्लेटमधून निसटली आणि रेकॉर्डिंग थांबवायच्या आत कॅमेरा बंद पडला.

घरी येऊन बघतो तर फाईल ३१ जीबीची दिसते, पण एकही प्लेयर ती उघडत नाही. अक्षता सोहळा पुन्हा कर म्हणून कुणाला सांगणार? पुढच्या संक्रांतीपर्यंत थांबावं लागतं, आणि तेव्हाही तो यंदाचा नसतो. त्या रात्री मी घामाघूम झालो होतो, म्हणून तुझी अवस्था मला समजते.

आता नीट वाच, कारण तुझी न उघडणारी फाईल बहुतेक याच जातीची आहे. एमपी-फोर किंवा मूव्ह फाईलमध्ये चित्र आणि आवाजाचा माल आधी लिहिला जातो. कुठली फ्रेम कुठे ठेवली आहे, तिचा वेळ किती, कोडेक (चित्र-आवाज दाबून साठवायची पद्धत) कोणता, ही यादी कॅमेरा रेकॉर्डिंग थांबवताना शेवटी लिहितो. तिला मूव्ह अ‍ॅटम म्हणतात. मध्येच वीज गेली की माल जागेवर राहतो, पण यादी लिहायची राहून जाते. मग प्लेयर म्हणतो फाईल खराब आहे. फाईलचा आकार भरपूर दिसत असेल आणि ती उघडत नसेल, तर आधी याचाच संशय घे.

मी पहिल्यांदा एसडी कार्डाच्या कडेचं लॉक खाली ओढलं, म्हणजे रीडर सहसा त्यावर काही लिहीत नाही. मग डीडीरेस्क्यू नावाच्या प्रोग्रामनं अख्ख्या कार्डाची जशीच्या तशी इमेज दुसऱ्या डिस्कवर काढली. नुसत्या फाईली कॉपी करून भागत नाही, कार्डाचा कण न कण यायला हवा. पुढचं सगळं काम त्या इमेजच्या प्रतीवर केलं. कार्ड परत त्याच कॅमेऱ्यात घातलं की काही कॅमेरे अर्धवट क्लिप स्वतः दुरुस्त करायचा प्रयत्न करतात आणि कधी कधी जमतंही. पण तेव्हा कॅमेरा कार्डावर लिहितो, म्हणून तो प्रयोगसुद्धा इमेज हातात आल्यावरच करायचा. आणि संगणकानं "डिस्क फॉरमॅट करायची का?" असं विचारलं तर कितीही घाई असली तरी नाही म्हण.

त्यानंतर अनट्रंक हा तुटलेले व्हिडिओ जोडणारा प्रोग्राम वापरला. तो तुटलेल्या फाईलसोबत एक चांगली फाईल मागतो आणि तिच्यावरून हरवलेली यादी बांधतो. ही चांगली फाईल त्याच कॅमेऱ्याची, त्याच सेटिंगची लागते. मी घाईत आदल्या दिवशीची क्लिप दिली. ती सेकंदाला ५० फ्रेमची होती आणि तुटलेली २५ची. निघालं काय, तर हिरवे ठोकळे आणि करकर. मग कॅमेरा काढला, सेटिंग तंतोतंत तेच लावलं, खिडकीतून दोन मिनिटं रस्ता शूट केला आणि तो नमुना दिला. पहाटे तीनच्या सुमारास पडद्यावर नंदीध्वज उभा राहिला. शेवटचे काही सेकंद गेले, बाकी सगळं आलं. मी आईला उठवून दाखवलं.

तुझ्या पोरानं दुसरं कार्ड फॉरमॅट केलं म्हणालास. त्याच्यावर ओरडू नकोस, घाबरलेला माणूस पुढच्या वेळी चूक लपवतो. साध्या फॉरमॅटमध्ये बहुतेक वेळा फक्त फाईलींची नोंद पुसली जाते. त्यावर नवं काही रेकॉर्ड झालं नसेल तर इमेज काढून तिच्यावर फोटोरेक हा पुसलेल्या फाईली शोधणारा प्रोग्राम चालव. मोठे व्हिडिओ तुकड्यातुकड्यांत निघू शकतात, एवढी तयारी ठेव. इथून पुढे मात्र दोन वेगळ्या डिस्कवर प्रती झाल्या आणि चेकसम (प्रत मूळ फाईलसारखीच आहे का ते तपासायचा आकडा) जुळला, की मगच कार्ड रिकामं करायचं. कट-पेस्ट तर कधीच नाही.

आवाजाचं बघू. "सिंक जातोय" एवढं म्हणून निदान होत नाही. क्लिपच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी, अशा तीन जागी ओठ आणि आवाज यांतलं अंतर फ्रेममध्ये मोजून कागदावर लिही. तिन्ही ठिकाणी सारखंच आलं तर काही बिघडलेलं नाही, क्लिप तेवढी सरकव. अंतर एकसारखं वाढत असेल तर दोन्हीकडचा वेग वेगळा आहे. सेकंदाला २९.९७ फ्रेमचं फुटेज कुणी ३० म्हणून धरलं तर तासाभरात ३.६ सेकंदांचा फरक पडतो. वेग बरोबर असूनही लांब भाषणात दोन-चार फ्रेम सरकल्या, तर ते कॅमेरा आणि रेकॉर्डर यांच्या घड्याळांमुळे. तिथे आवाज किंचित ताणायचा किंवा शांत जागी कापून जुळवायचा.

अंतर वेडंवाकडं उड्या मारत असेल तर ती क्लिप मोबाईलची आहे का बघ. मोबाईल अंधारात आणि उजेडात फ्रेमचा वेग कमीजास्त करतो. फाईलची माहिती दाखवणाऱ्या मीडिया इन्फो प्रोग्राममध्ये फाईल टाकलीस की फ्रेम रेट 'व्हेरिएबल' आहे का ते दिसेल. असेल तर व्हिडिओ बदलून देणाऱ्या हँडब्रेक प्रोग्राममधून 'कॉन्स्टंट' करून घे आणि मग टाइमलाइनवर आण. मला वाटतं तुझी हळदीची क्लिप हीच आहे, कारण ती नवरीच्या भावानं मोबाईलवर काढली असं तू म्हणालास.

टाइमलाइन अडखळण्याला घाबरू नकोस. अडखळणारा एक मिनिटाचा तुकडा रेंडर करून, म्हणजे तयार व्हिडिओ काढून, बघ. रेंडर गुळगुळीत आला तर फुटेज धडधाकट आहे, दमलाय तो संगणक. तुझा नवा कॅमेरा एच.२६५मध्ये १०-बिट ४:२:२ (जास्त रंगतपशिलाचा, घट्ट दाबलेला व्हिडिओ) देतो, आणि ते उलगडण्याची सोय कित्येक ग्राफिक्स कार्डांत नसते. मग सगळा भार प्रोसेसरवर येतो. त्यासाठी लगेच नवं ग्राफिक्स कार्ड घेऊ नकोस. डाविंची या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये प्रॉक्सी, म्हणजे हलक्या प्रती, बनव, त्यावर एडिट कर आणि शेवटी मूळ फाईलवरून एक्सपोर्ट कर.

डिस्क मध्येच गायब होते म्हणालास, तर आधी केबल बदल. मोबाईलच्या चार्जरसोबत आलेली टाइप-सी केबल बहुधा यूएसबी २ची असते. तिच्यातून १२८ जीबीचं कार्ड उतरायला जवळजवळ तास जातो, चांगल्या केबल-रीडरनं तेच काम दहा मिनिटांत होऊ शकतं. केबल बदलूनही जात असेल तर डिस्कला हात लावून बघ. इथं मे महिन्यात दुपारी माझी एसएसडी तव्यासारखी तापते आणि कॉपीचा वेग धपकन पडतो. मी मोठ्या कॉपी पहाटे लावतो, आणि यूपीएसशिवाय रेंडर लावत नाही.

एक मात्र एडिटिंगच्या टेबलावर फारसं सुधारत नाही. अक्कलकोट रोडला यंत्रमागावर टॉवेल विणतानाचं शूट आलं होतं, सगळ्या फ्रेममध्ये काळे पट्टे फिरत होते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते, आणि शटर होतं १/६०. ते १/५० किंवा १/१०० हवं होतं. लुकलुक कमी करणारा डीफ्लिकर लावून थोडं निभावलं, पण मागावरच्या बाईंचे हात मला हवे तसे स्वच्छ दिसले नाहीत, याचं अजून वाईट वाटतं. तुझ्या कॅमेरामनला हे आजच सांग.

नवरीच्या वडिलांचा फोन टाळू नकोस. फाईल सापडली आहे, दुरुस्ती चालू आहे, आठ दिवस द्या, असं खरं काय ते सांग. त्यांच्या लेकीचं लग्न आहे ते, त्यांचा जीव टांगणीला लागणारच.

आणि कार्ड कुरिअरनं पाठवू नकोस. रविवारी स्वतःच ये. आई कडक भाकरी आणि शेंगाची चटणी काढून ठेवते म्हणालीय. येताना तोच कॅमेरा, तीच लेन्स आणि लग्नाच्या दिवशीची एक चांगली उघडणारी क्लिप घेऊन ये. माझ्याकडे चार टीबीची डिस्क रिकामी आहे, आल्या आल्या आधी इमेज काढू. तोवर कार्ड डबीत, आणि लॉक खाली.

तुझा,
जुना बाकमित्र