तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंसाठी: डोंबिवलीच्या काकांना उघडं पत्र

प्रिय काका,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव कुठे यायला नको असं तुम्ही बजावलंत, म्हणून लिहीत नाही. आभार मात्र चारचौघांतच मानायचे आहेत. मी इथे टोरांटोत आहे, तसे दुबईत, सिंगापुरात कितीतरी जण असतील, ज्यांचा जीव गावाकडच्या अशा एखाद्या म्हाताऱ्या माणसात अडकलाय, ज्याचे ते कागदोपत्री कुणीच लागत नाहीत.

काकू आमच्या नात्यातल्या नाहीत, शेजारच्या. आई नोकरीला जायची, तेव्हा शाळेतून आल्यावर माझं दप्तर त्यांच्याच घरात पडायचं. मूलबाळ नाही, यजमान रेल्वेतून निवृत्त होऊन गेले. आमचं बिऱ्हाड भावाकडे पुण्याला हललं आणि काकू डोंबिवलीतच राहिल्या. तिसरा मजला, लिफ्ट नाही, वय ऐंशीच्या पुढे.

दुरून काही करायला गेलं की पहिला प्रश्न यायचा, "तुम्ही त्यांच्या कोण?" दवाखान्यात हेच, बँकेत हेच. पैसे भरून एका कंपनीकडून मदतनीस ठेवला, तर दर वेळी नवाच चेहरा दारात. काकू दार उघडत नसत, आणि त्यांचं बरोबरच होतं. एकट्या राहणाऱ्या बाईनं अनोळखी माणसाला घरात का घ्यावं?

शेवटी मुंबईच्या मैत्रिणीनं १४५६७ ला फोन लावला. ज्येष्ठांसाठीची ही सरकारी हेल्पलाइन, सकाळी ८ ते रात्री ८ चालू असते आणि फोनला पैसे पडत नाहीत. पलीकडच्या बाई म्हणाल्या, जवळच्या ज्येष्ठ नागरिक संघात विचारून बघा. तिथे तुम्ही भेटलात.

काका, तुम्ही पुढे पुष्कळ केलंत, पण मला सगळ्यात मोठी वाटते ती तुमची पहिली भेट. तुम्ही काकींना बरोबर घेऊन काकूंकडे गेलात, चहा प्यायलात, रेल्वे कॉलनीतल्या जुन्या ओळखी काढल्यात आणि मदतीचा शब्दही न काढता परत आलात. मी रात्री साडेअकराला, म्हणजे तुमच्याकडे सकाळी नऊला, उतावीळपणे फोन केला, तेव्हा म्हणालात, "तुझं म्हणणं कळलं. त्यांचं अजून विचारायचंय." तोपर्यंत आम्ही सगळे काकूंबद्दल बोलत होतो. काकूंशी बोलणारे तुम्ही पहिले.

त्यांना काय हवंय ते मग हळूहळू बाहेर आलं. स्वयंपाकाला बाई नकोच होती. धास्ती होती ती हयातीच्या दाखल्याची. दर वर्षी नोव्हेंबर आला की पेन्शन बंद पडेल या काळजीनं त्यांची झोप उडायची. जिने उतरून बँकेत जायचं, तिथे यंत्रावर बोटं ठेवायची, आणि वयानं झिजलेल्या बोटांचे ठसे उमटायचेच नाहीत. पोस्टमन घरी येऊन डिजिटल दाखला करून देतो, बोटं चालली नाहीत तर चेहऱ्यावरूनही ओळख पटते, आणि ऐंशीच्या पुढच्या केंद्र सरकारी आणि रेल्वेच्या पेन्शनरांना तो १ ऑक्टोबरपासूनच देता येतो, हे तुम्ही सांगितलंत. नुसतं सांगून थांबला नाहीत, पोस्टात जाऊन आलात, आधार कार्ड, मोबाइल आणि पेन्शनचे कागद आदल्या दिवशी काढून ठेवलेत आणि पोस्टमन आला तेव्हा शेजारी बसून राहिलात. त्या रात्री काकूंचा आवाज फोनवर किती मोकळा होता! मी तर रडलेच.

बाकीची घडी तुम्ही अशीच बसवलीत. बाथरूममध्ये धरायला दांड्या लागल्या. एक किल्ली तळमजल्यावर, दुसरी समोरच्या घरी. औषधांची यादी, डॉक्टरांचा नंबर आणि १०८ ठळक अक्षरांत फ्रीजवर. पोलीस ठाण्यात एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठ म्हणून नोंद, तीही काकूंना विचारून. रुग्णवाहिका आली तरी तीन मजले खाली आणणार कोण, हे मला कधी सुचलंच नसतं. तुम्ही इमारतीतल्या दोन मुलांना खुर्चीवरून माणूस कसा उतरवायचा ते दाखवलंत आणि आधी स्वतः खुर्चीत बसलात. सत्तरी उलटलेल्या माणसानं हे करावं, याला काय म्हणू?

दूर राहणाऱ्यांना मला एवढंच सांगायचंय की पैसे पाठवायच्या आधी चालत पोचेल असं माणूस शोधा. ज्येष्ठ नागरिक संघ महाराष्ट्रात गावोगावी आहेत. भजन, सहली आणि वाढदिवस यांपलीकडे त्यांच्याकडे बँकेतून, पोस्टातून, रेल्वेतून निवृत्त झालेली माणसं असतात, आणि कुठल्या खिडकीवर काय लागतं ते त्यांना पाठ असतं.

आता एक काम. समोरचं कुटुंब घर सोडतंय असं कळलं. दुसरी किल्ली कुणाकडे ठेवायची ते ठरवावं लागेल. मला दुसऱ्या मजल्यावरच्या ताई बऱ्या वाटतात, पण काकूंचं मन कुणावर आहे ते तुम्हीच विचारा. त्या म्हणतील तसं करा आणि मला नंतर कळवा.

काकींना नमस्कार.

तुमची,
काकूंच्या शेजारची